पूर्वकथेचे ओझे : 'एलियन' चित्रपटमालिकेतील पूर्वकथापट आणि चाहत्यांचा अपेक्षाभंग

१. प्रस्तावना

दीर्घकाळ चालणाऱ्या चित्रपटमालिका हे गेल्या अर्धशतकातील लोकप्रिय संस्कृतीचे एक ठळक वैशिष्ट्य होय. अशी मालिका जुनी झाली की तिच्या निर्मात्यांसमोर दोन मार्ग उरतात. एक, कथा पुढे नेणे. दुसरा, कथेच्या मागे जाऊन तिचा उगम सांगणे. दुसऱ्या मार्गाने निर्माण झालेल्या चित्रपटास इंग्रजीत 'प्रीक्वेल' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'पूर्वकथापट' हा शब्द योजिला आहे.

पूर्वकथापटाविषयी एक विसंगती नेहमी आढळते. मूळ चित्रपटावर ज्यांचे सर्वाधिक प्रेम असते, ज्यांना त्यातील प्रत्येक धाग्याविषयी कुतूहल असते, नेमके तेच प्रेक्षक पूर्वकथापट पाहून सर्वाधिक निराश होतात. ज्याचे उत्तर हवे होते ते मिळूनही समाधान का होत नाही, हा केवळ करमणुकीच्या क्षेत्रातील प्रश्न नाही. कथा ही काय सांगितल्याने उभी राहते आणि काय न सांगितल्याने, या काव्यशास्त्रातील जुन्या प्रश्नाचेच ते आधुनिक रूप आहे.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी 'एलियन' ही विज्ञानभयपटांची मालिका व तिच्यातील 'प्रोमिथियस' (२०१२) आणि 'एलियन : कव्हेनन्ट' (२०१७) हे दोन पूर्वकथापट निवडले आहेत. पुढील तीन उद्दिष्टे समोर ठेवून विवेचन केले आहे : (१) चाहत्यांच्या निराशेचे स्वरूप स्पष्ट करणे, (२) भारतीय रसविचारातील संकल्पनांच्या साहाय्याने तिची कारणमीमांसा करणे, (३) या निराशेस टीकामूल्य कितपत आहे, हे ठरविणे. 'एलियन' व 'प्रेडेटर' यांचा संगम घडविणारे २००४ व २००७ मधील दोन चित्रपट वेगळ्या परंपरेतील असल्याने येथे विचारात घेतलेले नाहीत.

२. मालिकेची पार्श्वभूमी

रिडली स्कॉट दिग्दर्शित 'एलियन' हा चित्रपट १९७९ मध्ये प्रदर्शित झाला. पटकथा डॅन ओ'बॅनन यांची होती. परग्रहावरील जीवाची रचना एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराने केली. हाडे, यंत्रांचे भाग आणि मानवी अवयव यांचे विलक्षण मिश्रण असलेली त्यांची चित्रशैली या चित्रपटामुळे जगभर पोहोचली. दृश्यपरिणामांसाठी चित्रपटास ऑस्कर पुरस्कारही मिळाला.

कथानक साधे आहे. 'नोस्ट्रोमो' हे मालवाहू अंतराळयान सात जणांना घेऊन पृथ्वीकडे परतत असते. वाटेत एका अनोळखी ठिकाणाहून आलेल्या संकेतामुळे ते थांबते. तेथे एका परग्रहीय यानाचे अवशेष आणि त्यात असंख्य अंडी आढळतात. एका अंड्यातील जीव केन या कर्मचाऱ्याच्या चेहऱ्याला चिकटतो, त्याच्या देहात गर्भ ठेवतो आणि पुढे त्याची छाती फोडून नवा जीव बाहेर येतो. शेवटी एलन रिप्ली ही एकटीच बचावते. सिगर्नी वीव्हर यांनी साकारलेली ही भूमिका मालिकेचा कणा ठरली.

यानंतर जेम्स कॅमेरॉन यांचा 'एलियन्स' (१९८६), डेव्हिड फिंचर यांचा 'एलियन ३' (१९९२) आणि ज्याँ-पिअर जूने यांचा 'एलियन रेसरेक्शन' (१९९७) हे उत्तरकथापट आले. चाहत्यांची नाराजी ही पूर्वकथापटांपासूनच सुरू झाली, असे मानणे चुकीचे ठरेल. 'एलियन्स'मध्ये रिप्लीने प्राण पणाला लावून वाचविलेली न्यूट ही बालिका आणि हिक्स हा सैनिक, या दोघांना 'एलियन ३'च्या प्रारंभीच मृत दाखविल्याने त्या काळीही तीव्र असंतोष व्यक्त झाला होता. परंतु त्या नाराजीचे स्वरूप वेगळे होते. तेथे प्रिय पात्रांचा अंत झाला होता. पूर्वकथापटांनी मात्र मूळ चित्रपटाचा अर्थच बदलला, अशी चाहत्यांची भावना झाली. हा भेद पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

३. अज्ञाताचे स्थान आणि भयानक रस

भरताने सांगितलेल्या आठ रसांपैकी भयानक, बीभत्स आणि अद्भुत हे तीन रस विज्ञानभयपटात एकत्र येतात. भय, जुगुप्सा आणि विस्मय हे त्यांचे स्थायी भाव. नाट्यशास्त्रात भयानकाची उत्पत्ती बीभत्सापासून मानली आहे, ही गोष्ट 'एलियन'च्या संदर्भात लक्षणीय ठरते. छाती फोडून बाहेर येणारा जीव प्रथम जुगुप्सा निर्माण करतो आणि त्या जुगुप्सेतूनच पुढील सर्व भय उगवते. यानाच्या अवशेषांचे दृश्य विस्मय जागवते. परंतु १९७९ च्या चित्रपटात विस्मय आणि जुगुप्सा हे दोन्ही भाव भयाचे पोषण करतात. भयानक हा अंगी रस आणि इतर दोन अंगभूत, अशी ही रचना आहे.

या रचनेचा आधार म्हणजे अज्ञान. जीव पडद्यावर अगदी थोडा वेळ, तोही बहुधा अंधारात आणि तुकड्यातुकड्यांनी दिसतो. तो कोठून आला, त्याला काय हवे, तो विचार करतो किंवा नाही, यांपैकी काहीही सांगितलेले नाही. तो ज्या यानात सापडतो त्या यानाचा अवाढव्य चालक तर त्याहून गूढ. आसनाशी एकरूप झालेला, अश्मीभूत वाटणारा तो देह, आतून बाहेर वाकलेल्या त्याच्या बरगड्या, एवढेच प्रेक्षक पाहतो. सेट अधिक प्रचंड भासावा म्हणून काही दूरदृश्यांत प्रौढ नटांऐवजी अंतराळवेश घातलेली मुले उभी केली होती व त्यांत स्कॉट यांचीही मुले होती. मानव येथे किती क्षुद्र आहे, हे त्या दृश्याला दाखवावयाचे होते. हा चालक 'स्पेस जॉकी' या नावाने ओळखला जाऊ लागला आणि चाहत्यांनी तीन दशके त्याच्याविषयी तर्क लढविले.

मराठीत 'झाकली मूठ सव्वा लाखाची' अशी म्हण आहे. तिचा सामान्य अर्थ मूठ रिकामी असण्याच्या शक्यतेकडे झुकतो. येथे मात्र मुठीत काय आहे हे प्रेक्षक स्वतः ठरवीत होता आणि त्याने कल्पिलेले मूल्य कोणत्याही निश्चित उत्तराहून अधिक होते. ध्वनिसिद्धान्ताच्या भाषेत सांगावयाचे तर स्पेस जॉकी हा या चित्रपटातील व्यंग्यार्थाचा आश्रय होता. पूर्वकथापटाने त्या व्यंग्याला वाच्य केले.

४. 'प्रोमिथियस' : अंगी रसातील बदल

स्पेस जॉकी कोण होता, हा प्रश्न उत्तरकथापटांच्या दिग्दर्शकांपैकी कोणीही विचारला नाही, याचे आश्चर्य स्कॉट यांनी अनेकदा व्यक्त केले. 'प्रोमिथियस'चा उगम त्या प्रश्नात आहे. जॉन स्पेट्स यांनी लिहिलेल्या आरंभीच्या पटकथेत मूळ चित्रपटाशी अधिक थेट नाते होते. पुढे डेमन लिंडेलॉफ यांनी केलेल्या पुनर्लेखनात ते सैल झाले आणि मानवाच्या निर्मात्याचा शोध हा विषय केंद्रस्थानी आला.

एलिझाबेथ शॉ आणि चार्ली हॉलोवे या पुरातत्त्वज्ञांना परस्परांशी संबंध नसलेल्या प्राचीन संस्कृतींच्या चित्रांत एकच ताऱ्यांची रचना आढळते. मानवजातीच्या निर्मात्यांनी दिलेले ते निमंत्रण आहे, असे मानून २०९३ मध्ये एक यान दूरच्या 'एलव्ही-२२३' या ठिकाणी पोहोचते. तेथे 'इंजिनियर' नावाने ओळखल्या जाणाऱ्या गौरवर्णी, धिप्पाड, मानवसदृश वंशाचे अवशेष आणि सजीवांचे रूप पालटून टाकणारा काळा द्रव सापडतो. स्पेस जॉकीचा तो विलक्षण देह म्हणजे वस्तुतः इंजिनियरने घातलेला पोशाख होता, असा उलगडा येथे होतो.

मूळ चित्रपटातील गूढाचे उत्तर अशा रीतीने 'आपल्यासारखाच, फक्त मोठा माणूस' असे निघाले. चाहत्यांच्या निराशेचे पहिले आणि सर्वांत खोल कारण हे आहे. उत्तर तर्कदृष्ट्या चूक आहे, असे नव्हे. तथापि, जे विश्व मानवाविषयी पूर्णतः उदासीन होते, ते आता मानवकेंद्रित झाले. अंतराळात आपल्याला कोणी ओळखत नाही, या भयाची जागा आपल्याला निर्माण करणारे आपल्यावर रुष्ट आहेत, या भयाने घेतली. दुसरे भय कमी प्रतीचे नाही. धर्मग्रंथांना ते परिचित आहे. परंतु ते निराळे भय आहे आणि ज्या प्रेक्षकाने पहिल्या भयासाठी तिकीट काढले त्याला ते परके वाटले.

येथे अभिनवगुप्ताच्या रसविघ्नविचाराची मदत होते. रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने त्याने सांगितली आहेत. त्यांतील 'अप्रधानता' हे विघ्न असे की, जे गौण आहे त्यात प्रेक्षकाचे चित्त स्थिरावत नाही. ते स्वभावतः प्रधानाकडे धावते. 'प्रोमिथियस'मध्ये अद्भुत हा प्रधान आणि भयानक गौण झाला. चित्रपटाची जाहिरात मात्र मूळ मालिकेच्या खुणा मिरवीत होती. परिणामी, प्रेक्षकाचे चित्त ज्याला प्रधान समजून बसले होते ते पडद्यावर गौण होते. 'संशययोग' हे आणखी एक विघ्न. वाघ हा क्रोधाचाही विभाव होऊ शकतो आणि भयाचाही. संदर्भ निश्चित नसेल तर भाव ठरत नाही. जागा झालेला इंजिनियर पाहून भ्यावे, विस्मित व्हावे की त्याच्या क्रोधाचे कारण शोधावे, हे चित्रपट ठरवू देत नाही. तो मानवांचा संहार का करू इच्छितो, याचे उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही.

अर्थात, मूळ चित्रपटातही उत्तरे नव्हती, मग 'प्रोमिथियस'मधील अनुत्तरित प्रश्न का खटकावेत, असा आक्षेप घेता येईल. याचे उत्तर असे की, 'एलियन'मधील पात्रे त्या प्रश्नांच्या शोधात निघालेली नव्हती. ती घरी परतणारी कामगार माणसे होती व त्यांना जगावयाचे होते. 'प्रोमिथियस'मधील पात्रे प्रश्न विचारण्यासाठीच निघाली आहेत. ज्या कथेचे प्रयोजनच शोध आहे तिने उत्तर पुढील भागावर सोडले, तर प्रेक्षकाला ते गूढ वाटत नाही, उधारी वाटते.

५. संभावनाविरह : शास्त्रज्ञांचे अशास्त्रीय वर्तन

चाहत्यांच्या तक्रारींत सर्वाधिक वेळा येणारा मुद्दा पात्रांच्या वर्तनाचा आहे. हवा श्वसनयोग्य आहे, असे उपकरणाने सांगताच हॉलोवे परग्रहावर शिरस्त्राण काढतो. बोगद्यांचा नकाशा तयार करणारी उडती यंत्रे ज्याने सोडली तो भूशास्त्रज्ञच परतीची वाट चुकतो. मृत इंजिनियरच्या देहाला भिऊन मागे फिरलेला जीवशास्त्रज्ञ थोड्या वेळाने फणा काढलेल्या सर्पसदृश जीवाला हात लावावयास जातो. घरंगळत येणाऱ्या प्रचंड यानापासून बचाव करताना मेरेडिथ व्हिकर्स बाजूला न होता त्याच्याच मार्गात सरळ धावते.

अशा तक्रारींना 'बारीकसारीक चुका काढणे' म्हणून झिडकारण्याची प्रथा आहे. परंतु अभिनवगुप्ताने सांगितलेले पहिलेच रसविघ्न 'संभावनाविरह' हे आहे. जे घडणे प्रेक्षकाला शक्य वाटत नाही त्यात त्याचे चित्त प्रवेशच करू शकत नाही. मग रसविश्रांती दूरच राहिली. येथे 'शक्य' याचा अर्थ वास्तवात शक्य असा नाही. अंड्यातून उडी मारणारा जीव वास्तवात नसूनही प्रेक्षकाने स्वीकारला होता. पात्राच्या स्वभावाशी आणि व्यवसायाशी वर्तनाचा मेळ असणे, एवढीच अपेक्षा आहे. क्षेमेंद्राने ज्याला औचित्य म्हटले तेही याहून फार वेगळे नाही.

मूळ चित्रपटाशी तुलना केल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथेही पात्रांच्या हातून घातक चूक घडते. केनला घेऊन आलेल्या सहकाऱ्यांना रिप्ली यानात घेण्यास नकार देते; चोवीस तासांच्या विलगीकरणाचा नियम ती सांगते. तरीही दार उघडले जाते. ते ॲश उघडतो. ॲश हा मानव नसून कंपनीने पेरलेला यंत्रमानव आहे आणि जीव पृथ्वीवर आणण्याचा गुप्त आदेश त्याला आहे, हे नंतर कळते. म्हणजे चुकीला कारण आहे. ते कारण कथेच्या गाभ्याशी, कर्मचाऱ्यांच्या जिवापेक्षा नफा मोठा मानणाऱ्या व्यवस्थेशी जोडलेले आहे. शिवाय नियम पाळू पाहणारी व्यक्तीच अखेरीस जगते. 'प्रोमिथियस'मधील चुकांना असे कारण नाही. पुढील प्रसंग घडावा म्हणून त्या घडतात.

न. चिं. केळकरांनी मराठीत मांडलेली 'सविकल्प समाधी'ची कल्पना येथे उपयुक्त आहे. प्रेक्षक स्वतःचे भान न गमावता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो. पण ज्या पात्राचे वागणे प्रेक्षकाला क्षणोक्षणी 'मी असे केले नसते' असे म्हणावयास लावते त्या पात्रात तो शिरणार कसा? तेथे विकल्प उरतो, समाधी उरत नाही.

६. 'कव्हेनन्ट' : निराशेचे चुकीचे वाचन

'प्रोमिथियस'ने जगभरात सुमारे ४० कोटी डॉलरची कमाई केली. व्यावसायिकदृष्ट्या तो अपयशी नव्हता. रॉजर एबर्ट यांच्यासारख्या ज्येष्ठ समीक्षकाने त्याला पूर्ण चार तारे दिले. मायकेल फासबेंडर यांनी साकारलेला डेव्हिड हा यंत्रमानव आणि नूमी रपास यांचे स्वतःवरील शस्त्रक्रियेचे दृश्य यांची प्रशंसा नाराज प्रेक्षकांनीही केली. तथापि, चाहत्यांची तक्रार निर्मात्यांपर्यंत पोहोचली. प्रेक्षकांना मूळ जीव अधिक पाहावयाचा होता, असा तिचा अर्थ आपण घेतल्याचे स्कॉट यांनी सांगितले.

'एलियन : कव्हेनन्ट' हा त्या अर्थाचा परिणाम होय. २१०४ मध्ये सुमारे दोन हजार वसाहतकरी घेऊन निघालेले यान एका संकेतामुळे अनोळखी ग्रहावर उतरते. तेथे डेव्हिड एकटा राहत असतो. काळ्या द्रवाचा वर्षाव करून त्याने इंजिनियरांची वस्ती नष्ट केलेली असते. शॉचा बळी घेऊन आणि प्रयोग करीत त्याने अंडी व त्यांतून निघणारा जीव घडविलेला असतो.

अशा रीतीने दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. पहिली, 'प्रोमिथियस'च्या शेवटी शॉ इंजिनियरांच्या मूळ स्थानाकडे उत्तरे मागण्यासाठी निघाली होती. तो प्रवास, ती उत्तरे आणि स्वतः शॉ, यांचा निकाल दोन चित्रपटांच्या मधल्या अंतरात लागला. ज्या थोड्या प्रेक्षकांना 'प्रोमिथियस'चे प्रश्न खरोखर भावले होते त्यांचाही अपेक्षाभंग झाला. दुसरी, मालिकेचा मूळ जीव हा एका यंत्रमानवाची निर्मिती ठरला. अज्ञात विश्वातून आलेल्या त्या जीवाला आता निर्माता, प्रयोगशाळा आणि जन्मकाळ मिळाला.

चित्रपटाची कल्पना स्वतंत्रपणे पाहिल्यास ती क्षुद्र नाही. मेरी शेली यांच्या 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) या कादंबरीचे उपशीर्षक 'आधुनिक प्रोमिथियस' असे आहे. इंजिनियरांनी मानव घडविला, मानवाने डेव्हिडला, डेव्हिडने जीवाला. आणि प्रत्येक निर्मिती आपल्या निर्मात्याला तुच्छ लेखते, ही साखळी त्या परंपरेत शोभणारी आहे. डेव्हिड पर्सी शेली यांची कविता बायरन यांच्या नावावर सांगतो आणि त्याच्याच घडणीचा वॉल्टर ती चूक दुरुस्त करतो, हा तपशील तर अभ्यासपूर्ण आहे. डेव्हिडच्या सर्वज्ञतेला गेलेला तडा त्यातून सूचित होतो. अडचण अशी की, ही कथा डेव्हिडची आहे. तिला जीवाची गरज नाही. तो जीव चाहत्यांच्या आग्रहास्तव आणला गेला आणि आणल्यावर गौण ठरला. अप्रधानतेचे विघ्न येथे दुसऱ्या बाजूने परत आले.

जगभरातील कमाई सुमारे २४ कोटी डॉलरवर आली. या मालिकेचा तिसरा पूर्वकथापट निघाला नाही.

यातून हाती येणारा मुद्दा असा की, निराश प्रेक्षकाची तक्रार आणि तिचे कारण या दोन भिन्न गोष्टी असतात. 'जीव कमी दिसला' ही तक्रार होती. भयाची जागा हरवली, हे कारण होते. रुग्ण वेदनेची जागा दाखवितो, निदान वैद्याला करावे लागते. निर्मात्यांनी तक्रारीलाच निदान मानले.

७. कालक्रमाचा पेच

पूर्वकथापटाला आणखी एक बंधन असते. त्याचा शेवट आधीच लिहिलेला असतो. मूळ 'एलियन' २१२२ मध्ये घडतो. त्यात आढळलेला स्पेस जॉकी फार पूर्वी मरून अश्मीभूत झाल्यासारखा वाटतो, असे पात्रेच म्हणतात. त्याच्या यानात अंडी होती. जर अंडी डेव्हिडने २१०४ च्या सुमारास घडविली असतील, तर अवघ्या अठरा वर्षांत हे सर्व कसे बसवावयाचे? दुसरीकडे 'प्रोमिथियस'मधील एका भित्तिशिल्पात त्या जीवासारखी आकृती कोरलेली आहे. म्हणजे डेव्हिडच्या आधीही तो अस्तित्वात असावा. दोन्ही पूर्वकथापट एकत्र वाचले असता जीवाचा उगम निश्चित होत नाही.

अशा विसंगतींचा हिशेब ठेवणारा चाहता हा हास्यास्पद ठरविला जातो. परंतु हा हिशेब पूर्वकथापटानेच मागितलेला आहे. १९७९ च्या चित्रपटाने उगम सांगितला नव्हता, त्यामुळे त्याला कोणी तारखा विचारल्या नाहीत. उगम सांगावयास बसलेल्या कथेला तारखा विचारल्या जाणारच.

८. पूर्वकथापट हा प्रकारच सदोष आहे काय?

वरील विवेचनावरून पूर्वकथापट निषिद्धच मानावा, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. 'द गॉडफादर : पार्ट टू' (१९७४) मध्ये व्हिटो कोर्लिओने याच्या तरुणपणाची कथा मुलाच्या पतनाशेजारी ठेवली आहे. शेवट माहीत असूनही ती प्रभावी होते. याचे कारण, ती कोणत्याही रहस्याचा उलगडा करीत नाही. व्हिटो कसा घडला हे कळल्याने पहिल्या चित्रपटातील व्हिटो लहान होत नाही, अधिक मानवी होतो. याउलट 'स्टार वॉर्स' मालिकेतील 'द फँटम मेनस' (१९९९) ने 'फोर्स' या गूढ शक्तीचा संबंध रक्तातील सूक्ष्मजीवांच्या मोजणीशी जोडला आणि चाहत्यांची नाराजी ओढवून घेतली.

यावरून एक भेद करता येतो. ज्या कथेचा गाभा चारित्र्य आहे तिला पूर्वकथा मानवते. कारण चारित्र्याविषयी अधिक कळले तरी ते संपत नाही. ज्या कथेचा गाभा अज्ञात आहे तिला पूर्वकथा मारक ठरते. कारण अज्ञात कळले की ते अज्ञात राहत नाही. 'एलियन' मालिकेत पूर्वकथापटाचा सर्वांत यशस्वी भाग डेव्हिड ठरला, कारण तो चारित्र्य आहे. सर्वांत अयशस्वी भाग जीवाचा उगम ठरला, कारण तो जीव अज्ञात असण्यातच अर्थपूर्ण होता.

पुढील घडामोडी या भेदाला पुष्टी देतात. फेडे आल्वारेझ यांचा 'एलियन : रोम्युलस' (२०२४) हा पहिल्या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात घडतो. त्यात काळ्या द्रवाचा धागा आहे, पण उगमाचा शोध नाही. खाणवसाहतीतून सुटू पाहणारी तरुण मुले आणि बंदिस्त जागा, या मूळ चौकटीकडे तो परतला व जगभरात सुमारे ३५ कोटी डॉलरची कमाई त्याने केली. २०२५ मध्ये आलेली 'एलियन : अर्थ' ही दूरचित्रवाणी मालिकाही २१२० मध्ये, म्हणजे मूळ चित्रपटाच्या दोन वर्षे आधी घडते. तिचे निर्माते नोआ हॉली यांनी, हा जीव अलीकडेच तयार केलेले जैविक अस्त्र होते ही कल्पना आपल्याला कमी उपयोगी वाटते, असे स्पष्ट केले होते. पूर्वकथापटांनी दिलेले उत्तर त्यांनी खोडले नाही. ते बाजूस ठेवले.

९. चाहत्यांच्या निराशेचे टीकामूल्य

मूळ चित्रपटाच्या दिग्दर्शकानेच पूर्वकथा सांगितली असता प्रेक्षकाला तक्रारीचा अधिकार कोठून येतो? हा प्रश्न सोपा नाही. स्कॉट यांनी सुरक्षित पुनरावृत्ती नाकारून नवा विषय हाती घेतला, हे श्रेय त्यांना दिले पाहिजे. केवळ जुनेच पुन्हा मागणाऱ्या प्रेक्षकाच्या इच्छेवर कला चालली तर ती गोठून जाईल. चाहत्यांच्या तक्रारींत असा हट्टाचा अंश निश्चित आहे आणि तो वेगळा काढावा लागतो.

परंतु तो वेगळा काढल्यावरही बरेच उरते. 'एलियन' ही एका व्यक्तीची निर्मिती नव्हती. ओ'बॅनन यांची पटकथा, गीगर यांची चित्रे, वीव्हर यांचा अभिनय यांचा त्यात वाटा होता. आणि स्पेस जॉकीच्या बाबतीत तर रिकामी जागा तीन दशके प्रेक्षकांनी भरली होती. आस्वादकाने पूर्ण केलेली जागा लेखकाने नंतर येऊन भरली, तर आस्वादकाला काही गमावल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. त्याचा कायदेशीर हक्क नाही. अनुभव मात्र खरा आहे. सहृदय हा रसप्रक्रियेचा घटक आहे, असे आपले काव्यशास्त्र मानते. त्याचा अनुभव टीकेच्या कक्षेबाहेर ठेवता येणार नाही.

१०. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) 'एलियन' मालिकेच्या चाहत्यांची निराशा ही एकसंध नाही. तीत गूढाचा उलगडा, पात्रांचे असंभाव्य वर्तन, वचनपूर्तीचा अभाव आणि कालक्रमातील विसंगती अशा किमान चार वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांना एकाच उपायाने उत्तर देता येत नाही.

(२) या तक्रारी संभावनाविरह, अप्रधानता आणि संशययोग या रसविघ्नांच्या चौकटीत समाधानकारकपणे समजावून घेता येतात.

(३) ज्या कथेचा गाभा अज्ञात आहे तिच्यासाठी उगमकथा मारक ठरते. ज्या कथेचा गाभा चारित्र्य आहे तिच्यासाठी ती पोषक ठरू शकते.

(४) प्रेक्षकाची तक्रार हे लक्षण आहे, निदान नव्हे. 'कव्हेनन्ट'चे अपयश हे लक्षणावर उपचार करण्याचे अपयश होय.

साहित्य अथवा चित्रपट शिकविणाऱ्या अध्यापकाच्या दृष्टीने यात एक व्यावहारिक सूचनही आहे. रसविघ्नांचा विचार वर्गात बहुधा परीक्षेपुरता पाठ केला जातो, तर लोकप्रिय चित्रपटाविषयीची विद्यार्थ्यांची नाराजी वर्गाबाहेरच राहते. 'चित्रपट पटला नाही' असे म्हणणारा विद्यार्थी 'का पटला नाही' या प्रश्नापर्यंत आला, तर तो नकळत अभिनवगुप्ताच्या प्रश्नापाशी पोहोचलेला असतो. तेथून पुढची वाट दाखविणे हे अध्यापकाचे काम आहे.